ब्रेक पेडल मऊ पडलंय: हवा काढण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या गाडीचे पुढचे पॅड घरीच बदलले, त्याच वेळी ब्रेक ऑइलही बदललं. तेव्हापासून पेडल मऊ लागतंय आणि अर्ध्याहून जास्त खाली जातंय. दोनदा हवा काढली, तरी फरक नाही. मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइलमध्ये दाब तयार करणारा भाग) गेला असं समजायचं का?

इतक्यात नको. पेडल मऊ म्हणजे हवा, आणि हवा काढूनही भागलं नाही तर मास्टर, असा सरधोपट क्रम बहुतेक जण धरतात. या दोन्हींच्या मध्ये पाच-सहा कारणं उभी असतात आणि त्यातली बरीचशी काहीही न उघडता, नुसत्या पायाने ओळखता येतात. हवा काढणं हा एका दोषावरचा उपाय आहे. तो दोष गाडीत नसेल तर दहा वेळा हवा काढली तरी पेडल तसंच राहणार. तोवर गाडी फाटकाबाहेर काढू नका, ‘हळू चालवू’ म्हणूनही नको.

आधी इंजिन बंद, मग पेडल

इंजिन चालू असताना पेडल तपासू नका. बूस्टरची (व्हॅक्यूमने पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाची) मदत असल्यामुळे चांगल्या गाडीचंही पेडल तेव्हा मऊ वाटतं आणि जास्त खाली जातं. इंजिन बंद करा, पेडल पाच-सहा वेळा दाबून बूस्टरमधला व्हॅक्यूम संपवा. पेडल कडक झालं की एक सारखा, नेहमीच्या दमदार ब्रेकइतका जोर देऊन अर्धा मिनिट धरून ठेवा.

पेडल हळूहळू खाली सरकत गेलं तर ऑइल कुठेतरी निसटतंय. टाकीतली पातळी उतरत असेल तर गळती बाहेर आहे. पातळी तिथेच असेल तर मास्टरच्या आतल्या रबरी कपवरून ऑइल मागे येतंय. हीच चाचणी अगदी हलक्या पायाने पुन्हा करा. झिजलेला कप जोराच्या दाबाने भिंतीला चिकटतो आणि तग धरतो, हलक्या दाबाला मात्र ऑइल सोडतो. सिग्नलला पाय हलकासा ठेवलेला असताना पेडल खाली बसतं आणि करकचून दाबलं की ठीक लागतं, ही तक्रार जवळजवळ नेहमी मास्टरचीच असते.

पहिल्या दाबाला पेडल खोल गेलं, पण लगेच दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर येऊन दगडासारखं घट्ट झालं आणि घट्टच राहिलं, तर हवेपेक्षा अंतराचा संशय घ्या. पॅड डिस्कपासून किंवा शू (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे तुकडे) ड्रमपासून गरजेपेक्षा लांब आहेत आणि पहिला दाब ते अंतर भरण्यातच खर्च होतोय. हवा असेल तरीही भराभर दाबल्यावर पेडल थोडं वर येतं, मात्र वर येऊनही त्याचा लवचिकपणा जात नाही.

तिसरा प्रकार: पेडल बसत नाही, दाबून वरही येत नाही, कितीही वेळा दाबा, स्प्रिंगवर पाय ठेवल्यासारखंच लागतं. इथे काहीतरी फुगतंय किंवा वाकतंय. रबरी होज (चाकाकडे ऑइल नेणारी लवचिक नळी), तिरका बसलेला पॅड, पिनवर अडकलेला कॅलिपर (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग), किंवा बऱ्यापैकी हवा.

बूस्टरचा प्रश्न इथेच निकालात काढा. व्हॅक्यूम संपवून पेडलवर पाय ठेवलेला असतानाच इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेलं की बूस्टर काम करतोय. बिघडलेला बूस्टर पेडल कडक करतो, मऊ नाही. त्यामुळे मऊ पेडलसाठी बूस्टर बदलायला कुणी सांगितलं तर कारण विचारा.

अर्ध्या मिलिमीटरने एवढा फरक का पडतो

थोडा हिशोब करून पाहिला की पुढचं सगळं सोपं होतं. मास्टरचा व्यास २२ मिमी धरा, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ३.८ चौरस सेंमी. पुढच्या कॅलिपरचा पिस्टन ५४ मिमीचा, क्षेत्रफळ सुमारे २३ चौरस सेंमी. आता दोन्ही पुढच्या चाकांवर पिस्टनला नेहमीपेक्षा फक्त अर्धा मिमी जास्त सरकावं लागलं, तर प्रत्येक कॅलिपरला १.१५ सीसी, दोन्हींना मिळून २.३ सीसी ऑइल जास्त लागतं. ते पुरवायला मास्टरच्या पिस्टनला ६ मिमी जास्त जावं लागतं. पेडलचं लिव्हर गुणोत्तर ४ धरलं तर तुमच्या पायाखाली ते २४ मिमी होतात. म्हणजे सिस्टिममध्ये हवेचा एक थेंब नसताना आणि मास्टर नवाकोरा असताना पेडल एक इंच खाली.

हवेचंही गणित करून बघा. १ सीसीचा बुडबुडा १० बार दाबालाच ०.१ सीसीपेक्षा लहान होतो. पेडलचे साधारण १० मिमी त्यात जातात आणि पुढे दाब वाढला तरी अजून फारसं काही जात नाही. म्हणून थोडी हवा असलेलं पेडल सुरुवातीला लांब आणि लवचिक, शेवटी घट्ट लागतं. फुगणारी होज किंवा वाकणारा कॅलिपर याच्या उलट वागतो: जितका जोर वाढवाल तितकं पेडल पुढे जातच राहतं, घट्टपणाचा टप्पा येतच नाही. हा फरक पायाला एकदा कळला की निम्मं निदान झालं.

हँडब्रेकची चाचणी, फुकटातली

गाडी सपाट जागी, चाकांना ठोकळे. हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पेडल दाबा. पेडल एकदम वर आलं तर दोष मागच्या ड्रममध्ये आहे. हँडब्रेकने शू आधीच ड्रमजवळ नेऊन ठेवले, म्हणून पेडलचं काम वाचलं. पुढचे पॅड बदलल्यावर तक्रार सुरू झाली म्हणून लोक पुढेच शोधत राहतात. मागचे शू वर्षभर ढिले होत गेलेले असतात आणि पुढच्या कामानंतर पेडलकडे पहिल्यांदा लक्ष जातं.

शू जुळवताना क्रम चुकवू नका. हँडब्रेक पूर्ण सोडा आणि त्याची केबल आधी ढिली करा. केबल ताणलेली असेल तर आतला लिव्हर आपल्या मूळ जागेवर टेकत नाही आणि आपोआप जुळणारी यंत्रणा कामच करत नाही. हँडब्रेक वर यायला लागला म्हणून केबल ताणत राहणं हेच बऱ्याच मऊ पेडलांचं मूळ असतं. पुढच्या चाकांना ठोकळे लावून मागची बाजू उचला, स्टँडवर टेकवा. बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या पत्र्याच्या) छिद्रातून शूचं अंतर जुळवणाऱ्या ॲडजस्टरचं दातेरी स्टार व्हील स्क्रू ड्रायव्हरने फिरवत चाक हाताने फिरेनासं होईपर्यंत घट्ट करा. पेडल एकदा जोरात दाबून सोडा, शू मध्यावर येतात आणि चाक पुन्हा थोडं मोकळं होतं. पुन्हा घट्ट करा, मग घासण्याचा अगदी हलका आवाज उरेल इतकं मागे घ्या. दोन्ही बाजू झाल्यावर शेवटी केबल.

स्टार व्हील फिरत नसेल तर ड्रम काढावाच लागेल. ॲडजस्टर काढून आटे साफ करा, ब्रेकसाठीचं उष्णता सोसणारं ग्रीस अगदी थोडं लावा. डाव्या आणि उजव्या ॲडजस्टरचे आटे बहुधा उलट दिशेचे असतात. अदलाबदल झाली तर प्रत्येक ब्रेकला शू जुळण्याऐवजी ढिले होत जातात. ड्रम काढलाच आहे तर व्हील सिलिंडरचं रबरी बूट टोकाने उचलून बघा. आत ओल दिसली तर सिलिंडर गेला. ऑइल लागलेले शू धुऊन वापरायचा मोह होतो. लायनिंग ऑइल शोषून घेतं आणि तापलं की परत सोडतं, तेव्हा शू बदला, आणि दोन्ही बाजूंचे बदला. धूळ हवेच्या झोताने उडवू नका, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा.

मागे डिस्क असून हँडब्रेक त्याच कॅलिपरमध्ये असेल तर पिस्टन फिरवून आत घालावा लागतो, आणि बसवल्यावर हँडब्रेक बरेच वेळा ओढून-सोडून त्याची आतली जुळणी करावी लागते. इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक असेल तर सर्व्हिस मोडमध्ये टाकल्याशिवाय पिस्टनला हात लावू नका, मोटर आणि गिअर जातात.

पुढचं चाक: नवे पॅड खरंच सरळ बसलेत का

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय इथे आहे. जुन्या ब्रॅकेटवर, जिथे पॅडचे कान बसतात, तिथे स्टीलच्या क्लिपखाली गंज धरतो आणि क्लिप वर उचलली जाते. नवा पॅड त्यात ठोकून बसवला की तो सरकत नाही, तिरका राहतो. पेडल दाबलं की पॅड वाकून डिस्कला भिडतो, सोडलं की मागे उसळतो. हीच ती स्प्रिंग. क्लिपा काढून खालचा गंज कानसेने किंवा तारेच्या ब्रशने स्वच्छ धातू दिसेपर्यंत काढा. पॅड बोटांच्या जोराने सरकला पाहिजे.

कॅलिपरच्या दोन्ही स्लाइड पिना बाहेर काढा, पुसा, ब्रेकसाठीचं सिलिकॉन किंवा सिंथेटिक ग्रीस लावा. साधं पेट्रोलियम ग्रीस रबर फुगवतं आणि महिन्या-दोन महिन्यांत पिन पुन्हा अडकते. एका पिनला टोकाजवळ रबरी बुश असेल तर ती मूळ होती त्याच भोकात परत गेली पाहिजे. जुने पॅड अजून फेकले नसतील तर त्यांची जाडी दोन्ही टोकांना मोजा. एका टोकाला स्पष्ट पातळ झाले असतील तर कॅलिपर बराच काळ तिरका चालत होता हे नक्की.

पॅडच्या पाठीवर शिम (पातळ पत्रा) चिकटवलेली येत असताना जुनी शिमही वर बसवली, असंही होतं. दोन शिमांमध्ये अंतर राहतं आणि पेडल मऊ लागतं. शिवाय जुन्या डिस्कवर खाचा आणि कडेला उंचवटा असेल तर नवा सपाट पॅड आधी उंचवट्यावरच टेकतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर, पॅड डिस्कला रुळेपर्यंत, पेडल किंचित मऊ लागणं स्वाभाविक आहे. किंचित. अर्ध्याखाली नव्हे.

एक दोष फक्त रस्त्यावर दिसतो. खडबडीत रस्ता किंवा जोराचं वळण घेतल्यावर पहिला ब्रेक खोल जातो, दुसरा नीट लागतो, आणि उभ्या गाडीत सगळं ठीक. डिस्क पॅडना मागे ढकलतेय. चाक उचलून वर-खाली धरून हलवा, बेअरिंगची ढिलाई कळेल. डायल गेज असेल तर डिस्कचा लचका, म्हणजे फिरताना ती बाजूला किती डुलते ते, मोजा. बहुतेक गाड्यांची मर्यादा ०.०५ ते ०.१ मिमीच्या आसपास असते. हबवरचा गंज साफ न करता डिस्क बसवली तर नवी डिस्कही तेवढी डुलते.

होज चिमटून दोषाचं चाक शोधणं

एवढ्यावरही उलगडा झाला नाही तर ही चाचणी करा, अंदाज संपतो. गोल जबड्याचे होज क्लॅम्प लागतात. दात असलेला पक्कड किंवा ग्रिप प्लायर चालत नाही, होज आतून फाटते आणि ते बाहेरून कळत नाही. स्टीलची जाळी असलेल्या होजलाही क्लॅम्प लावू नका. कुरकुरीत झालेली, भेगा पडलेली होज चिमटून बघण्यापेक्षा सरळ बदला.

चाकांकडे जाणाऱ्या सगळ्या रबरी होज चिमटा आणि पेडल दाबा. पेडल उंच आणि घट्ट लागलं तर मास्टर, धातूच्या नळ्या आणि एबीएसचा (चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) व्हॉल्व्ह असलेला ब्लॉक हे सगळं निर्दोष आहे. आता एकेक क्लॅम्प सोडत पेडल दाबत जा. प्रत्येक चाकाला थोडं खाली जाणं अपेक्षित आहे; एखाद्या चाकाला ते एकदम कोसळलं तर तुमचं चाक सापडलं. तिथली हवा, होज, कॅलिपर, शू एवढंच बघायचं.

सगळ्या होज चिमटूनही पेडल मऊच असेल तर दोष वरच्या बाजूला: मास्टर, त्यात अडकलेली हवा, किंवा एबीएस ब्लॉकमधली हवा. मास्टर वेगळा तपासायचा तर त्याच्या नळ्या सोडून तोंडं बंद करणारे प्लग लावा आणि आतली हवा काढून पेडल दाबा. पेडल जवळजवळ हलायलाच नको. प्लगचे आटे आणि टोकाचा आकार मूळ नळीच्या नटाशी तंतोतंत जुळला पाहिजे, नाहीतर मास्टरचे आटे जातील.

गळती, जी पटकन दिसत नाही

बाहेरची गळती शोधताना चार चाकांवरच थांबू नका. मास्टरचं मागचं सील गेलं की ऑइल बूस्टरच्या पोटात जातं आणि जमिनीवर एक थेंब पडत नाही. मास्टर जिथे बूस्टरला बसतो त्या सांध्याखाली रंग सुटलेला किंवा ओघळ दिसतो का बघा. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते. टाकी उतरत असेल तर क्लचच्या सिलिंडरांकडेही बघा, पायाशी क्लच पेडलच्या वर हात फिरवा. पॅड झिजत जातात तशी पातळी थोडी उतरते, ती गळती नव्हे.

हवा काढायची तर नीट

इथवर येऊन हवेवरच बोट ठेवलं जात असेल तर कामाला लागा. आधी एक इशारा: हायब्रिड, इलेक्ट्रिक आणि काही नव्या गाड्यांत ब्रेकचा दाब पंप आणि ॲक्युम्युलेटर (दाब साठवणारी टाकी) तयार करतात. दार उघडलं तरी काही गाड्यांत सिस्टिम जागी होऊन दाब भरते. अशा गाडीत स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचं यंत्र) आणि सर्व्हिस मॅन्युअलशिवाय निपल (चाकापाशी हवा काढायचा पोकळ स्क्रू) उघडू नका.

ऑइल कोणतं, ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. डॉट ३ चा कोरडा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०, डॉट ५.१ चा २६०. पाणी शोषल्यावर हेच आकडे अनुक्रमे १४०, १५५ आणि १८० पर्यंत उतरतात, म्हणून दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. लांब उतारावर पेडल मऊ पडून गाडी थंड झाल्यावर आपोआप ठीक होत असेल तर ते उकळलेलं ऑइलच आहे. डॉट ५ हे सिलिकॉनचं वेगळं ऑइल आहे. नाव सारखं असलं तरी ५.१ च्या जागी ते घालू नका आणि इतर कशातही मिसळू नका. उघडून बरेच महिने पडलेला डबा वापरू नका. आणि चुकून स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं ऑइल टाकीत गेलं असेल तर हवा काढणं थांबवा: सगळी रबरं फुगतील, सील आणि होज बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

लागणारं सामान: १ लिटर नवं ऑइल, निपलच्या मापाचा रिंग पाना (बहुधा ८, १० किंवा ११ मिमी), ५-६ मिमी आतल्या व्यासाची पारदर्शक नळी, तळाशी थोडं ऑइल घातलेली बाटली, आणि पेडलवर बसायला सांगितलेलं ऐकणारा एक माणूस. ऑइल रंगावर सांडलं तर पुसू नका, लगेच भरपूर पाण्याने धुवा.

पेडलखाली ४० ते ५० मिमी जाडीचा लाकडी ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात मास्टरचा पिस्टन आपल्या नेहमीच्या पट्ट्यातच फिरतो. त्यापुढच्या भागात गंज आणि गाळ बसलेला असतो. हवा काढताना पेडल जमिनीपर्यंत दाबलं की कपची कड त्या खरखरीत भागावरून जाते आणि कापली जाते. ‘हवा काढल्यावर मास्टर गेला’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा हेच. तुम्ही दोनदा ठोकळ्याशिवाय हवा काढली असेल, तर वरची अर्ध्या मिनिटाची चाचणी हलक्या आणि जड पायाने जरूर करा.

टाकीतलं जुनं काळपट ऑइल सिरिंजने ओढून घ्या, नवं भरा. चाकांचा क्रम मॅन्युअलमधून बघा. पुढचं-मागचं असं सर्किट विभागलेल्या जुन्या रचनेत मास्टरपासून सर्वांत लांबचं चाक आधी आणि जवळचं शेवटी. तिरप्या सर्किटच्या (एक पुढचं आणि समोरच्या बाजूचं मागचं चाक एका सर्किटवर) गाड्यांत क्रम वेगळा असू शकतो.

निपल आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने आणि मग सोडण्याच्या दिशेने हलवा. जाम असेल तर गंज सोडवणारं तेल, हातोडीचे हलके ठोके, सहा कोनी सॉकेट. बारा कोनी पान्याने कोन गोल होतात. नळी निपलवरून आधी वर चढवून मग बाटलीत उतरवा, म्हणजे बुडबुडे वर जातात आणि निपल बंद व्हायच्या आत परत येत नाहीत.

पेडलवरचा माणूस सावकाश दाबतो आणि दाबून धरतो. तुम्ही निपल पाव ते अर्धा फेरा उघडता, पेडल ठोकळ्यावर टेकतं, तुम्ही निपल बंद करता, मगच तो पाय उचलतो. ‘धरलं’ आणि ‘सोड’ हे दोनच शब्द ठरवा आणि मोठ्याने बोला. पेडल सोडल्यावर दोन-तीन सेकंद थांबा, मास्टर भरू द्या. भराभर पंप केल्याने मोठा बुडबुडा फुटून त्याचा फेस होतो आणि तो काढायला रात्रभर गाडी उभी ठेवावी लागते. नुसत्या हवेसाठी चाकामागे ५० सीसीच्या आसपास पुरतं, पूर्ण ऑइल बदलायला १०० ते २००. दर आठ-दहा दाबांनंतर टाकी भरा. ती एकदा रिकामी झाली की पहिल्यापासून सुरुवात.

निपल शेवटी ७ ते १० न्यूटन मीटरच्या आसपास, म्हणजे छोट्या पान्याला मनगटाचा जोर. मोडलेलं निपल म्हणजे नवा कॅलिपर.

माणूस नसेल तर गुरुत्वाने काढा: टाकीचं झाकण ढिलं, निपल उघडं, नळी बाटलीत, दहा-वीस मिनिटं थेंबथेंब गळू द्या. वेळ लागतो, पण कप दुखावत नाहीत. प्रेशर ब्लीडर असेल तर १ ते १.५ बारच्या वर जाऊ नका. निपलच्या तोंडाशी व्हॅक्यूम पंप लावला तर निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा शिरून नळीत बुडबुडे येतच राहतात. ते सिस्टिममधले समजून अर्धा लिटर ऑइल वाया जातं.

एवढं करून फरक न पडण्याची दोन नेहमीची कारणं. एक, कॅलिपर काढून बसवताना डावा-उजवा बदलला गेला. निपल खालच्या बाजूला येतं आणि वर अडकलेली हवा जन्मात निघत नाही. निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला आहे का, बघा. दुसरं, मागच्या एक्सलजवळ वजनानुसार दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असलेल्या गाड्यांत मागची चाकं लोंबकळत ठेवली की तो व्हॉल्व्ह मागचं ऑइल अडवतो. चाकं जमिनीवर किंवा एक्सल स्टँडवर टेकवून हवा काढा.

टाकी मध्येच रिकामी झाली असेल तर हवा एबीएसच्या ब्लॉकमध्ये गेलेली असू शकते. तिथले व्हॉल्व्ह एरवी बंद असतात, पेडलने ती हवा सरकत नाही. स्कॅनरच्या ब्लीड प्रोग्रॅमने पंप आणि व्हॉल्व्ह चालवून लगेच पुन्हा चारही चाकांची हवा काढतात. एवढ्या कामासाठी स्कॅनर असलेल्या गॅरेजकडे गाडी ओढून नेण्यात कमीपणा नाही.

मास्टर बदलायची वेळ आलीच तर

कप बदलण्याचं किट मिळतं, पण आतली भिंत खरवडलेली असेल तर ते टिकत नाही. नवा मास्टर गाडीवर चढवण्याआधी फ्लँजने व्हाइसमध्ये आडवा धरा, दोन्ही तोंडांतून नळ्या परत टाकीत ऑइलखाली बुडवा आणि बोथट दांड्याने पिस्टन २०-२५ मिमी सावकाश आत-बाहेर करा, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत. कोरडा मास्टर चढवून गाडीवरच हवा काढायला गेलं की दिवस जातो.

बूस्टरच्या दांड्याची लांबी जुन्या मास्टरशी ताडून बघा. दांडा आखूड असेल तर पेडलचा सुरुवातीचा भाग रिकामा जातो आणि ते पुन्हा मऊ पेडलसारखंच वाटतं. लांब असेल तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल परतायचं छिद्र झाकलेलं राहतं, ब्रेक तापतात आणि थोड्या अंतरावर चाकं धरून बसतात. दुसरी चूक जास्त धोक्याची.

रस्त्यावर काढण्याआधी

चाकं बसवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबा. पिस्टन मागे ढकललेले असताना पहिले काही दाब रिकामेच जातात, आणि हे विसरून गाडी गिअरमध्ये टाकली की समोर भिंत असते. इंजिन बंद ठेवून एक मिनिट पेडल धरा, मग इंजिन चालू करून पुन्हा. चाकांचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला घट्ट करा. रिकाम्या सपाट जागी चालण्याच्या वेगाने पहिला ब्रेक, हँडब्रेकवर हात ठेवून. मग ३० किमीच्या वेगाने. गाडी एका बाजूला ओढली तर परत फिरा.

नव्या पॅडसाठी ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक असे आठ-दहा वेळा, मध्ये थंड व्हायला अंतर देऊन, पूर्ण न थांबता. तापलेला पॅड एका जागी दाबून धरला तर डिस्कवर डाग पडतो आणि मग पेडल थरथरतं.

घरी आल्यावर टाकीची पातळी खुणेशी लावून ठेवा, चारही निपलांवर रबरी टोप्या चढवा आणि प्रत्येक चाकाच्या आत कोरडा कागद पसरा. सकाळी गाडी हलवण्याआधी कागद, पातळी आणि इंजिन बंद असतानाचं पेडल, या तिन्ही गोष्टी बघा. कागदावर डाग असेल तर तेच चाक आधी उघडा.